देवाचं प्रेम जाणवतच नाही, तेव्हा कुठे जायचं?

तुम्ही विचारलंत ते थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले, ख्रिस्ती घरात वाढलेले. नोकरीसाठी मुंबईत आलात आणि भांडुपला भाड्याच्या खोलीत आईसोबत राहत होतात. लांबलेल्या आजारपणानंतर जुलैत आई गेली. त्याच सुमारास कंपनी बंद पडली आणि अकाउंट्सचं काम सुटलं. दर रविवारी उपासनेला जाता, शेवटच्या बाकावर बसता आणि उपासनेच्या शेवटचा आशीर्वाद व्हायच्या आत बाहेर पडता. मातीच्या दिवशी कोणीतरी तुम्हाला म्हणालं, की तुमचा विश्वास कमी पडला म्हणून आई बरी झाली नाही. आणि तुमचा प्रश्न असा, की देव प्रेम करतो हे लहानपणापासून ऐकलंय, पण आत काहीच जाणवत नाही. मग ते प्रेम शोधायचं कुठे?

मी मुंबईतल्या मराठी मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चच्या समाजांमध्ये, भेटीगाठींचं आणि समुपदेशनाचं काम करते. परळच्या हॉस्पिटलांत जाते, शिवडीच्या दफनभूमीत जाते, आणि त्यानंतरच्या महिन्यांत घरी जाते. हे नंतरचे महिने फार कठीण. सुरुवातीला घरात पाय ठेवायला जागा नसते, गावाकडून माणसं येतात, शेजारणी चहा करून आणतात. मग नगरची एसटी पकडून सगळे परततात आणि खोलीत औषधांची पिशवी, रिपोर्टांची फाईल आणि एक माणूस एवढंच उरतं. तुम्ही आत्ता नेमके तिथे आहात.

आधी त्या माणसाच्या बोलण्याचा निकाल लावू या, कारण ते मनात रुतलेलं असताना पुढचं काही आत जाणार नाही. ते खरं नाही. पवित्र शास्त्राला धरून तर अजिबात नाही. जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्यांनी येशूला विचारलं होतं, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापाचं? येशूने दोन्हींना नाही म्हटलं. प्रेषित पौलाच्या हातून कितीतरी आजारी बरे झाले, पण त्याच पौलाने आपला सहकारी तीमथ्य याला लिहिलंय की आपला सोबती त्रफिम याला मी मिलेतात आजारी असताना ठेवून आलो. आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून त्याने स्वतः तीन वेळा विनवणी केली आणि काटा राहिला. त्याचा विश्वास कमी होता असं म्हणायला कोणी धजेल का? आईच्या उशाशी रात्र रात्र बसलेल्या मुलाला मातीच्या दिवशी असं ऐकवणं हे क्रूर आहे, मग म्हणणाऱ्याचा हेतू काहीही असो. तुमच्या आईच्या मरणाचं ओझं तुमच्या विश्वासावर नाही. हे वाक्य पुन्हा वाचा.

आता न जाणवण्याबद्दल. तुम्ही लिहिलंय की झोप तुटक लागते, जेवण कसंतरी होतं, गाणी चालू असतात तेव्हा ओठ हलतात पण मन कुठेच नसतं. भाऊ, दीड-दीड वर्षं दवाखाना केलेल्या घरांत मी हे पुन्हा पुन्हा बघते. शरीर थकून गेलं की माणसाला कोणाचंच प्रेम जाणवत नाही, बहिणीचंही नाही आणि देवाचंही नाही. एलीयाची गोष्ट तुम्हाला संडे स्कूलपासून माहीत असेल, पण तिचा एक भाग उपदेशांत लवकर उरकला जातो. एवढा मोठा संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, पुरे झालं, माझा जीव घे. देव त्याला रागावत नाही. विश्वासावर बोलत नाही. एलीया झोपतो, देवदूत त्याला स्पर्श करून उठवतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं उशाशी असतं. खातो आणि परत झोपतो. पुन्हा उठवून खायला दिलं जातं, कारण पुढची वाट लांब आहे. देवाचा शांत, मंद आवाज ऐकू येतो तो याच्या बऱ्याच नंतर, होरेब डोंगरावर. म्हणून मी दुःखातल्या माणसाला पहिला प्रश्न प्रार्थनेबद्दल विचारत नाही. दुपारी काय जेवलात, हे विचारते. तुम्हालाही तेच विचारते.

आणखी एक गोष्ट सरळ विचारायला हवी. 'सकाळ होऊच नये असं वाटतं' असं तुम्ही एका ओळीत लिहिलंत आणि पुढे गेलात. मी त्या ओळीशी थांबले. स्वतःला संपवण्याचे विचार येत असतील, तर आज कोणाला तरी ते तोंडाने सांगा. बहिणीला फोन करा. सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीतून बोलता येतं. केईएम, सायन, नायर या पालिकेच्या तिन्ही हॉस्पिटलांत मानसोपचाराची ओपीडी आहे. डॉक्टरांकडे जाणं म्हणजे देवावरचा भरवसा सोडणं, असं कोणी म्हटलं तर त्याला आठवण करून द्या की पौलाचा जवळचा सोबती लूक वैद्य होता आणि पौलाने त्याला 'प्रिय वैद्य' म्हटलंय. मी स्वतः माणसांना प्रार्थना करून ओपीडीत घेऊन जाते आणि बाहेर बाकावर बसून राहते.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. आपल्याला लहानपणापासून असं वाटत आलेलं असतं, की देवाचं प्रेम आधी मनात जाणवेल, आणि ते जाणवलं की आपण माणसांत मिसळू. माझ्या अनुभवात बहुतेकांच्या बाबतीत हे उलट्या क्रमाने होतं. ते प्रेम आधी कोणाच्या तरी हातांतून येतं, आणि मनाला ते पुष्कळ नंतर कळतं.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण मी नेहमी देते, कारण त्यांनी एका आयुष्यात जितकी माणसं गमावली तितकी फार थोड्यांनी गमावली असतील. दुष्काळात आईवडील गेले, बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ गेला. १८८२ मध्ये पती गेले आणि लहानग्या मनोरमेला घेऊन त्या चोविसाव्या वर्षी विधवा झाल्या. पुढच्या वर्षी इंग्लंडला गेल्या. तिथे त्यांना ख्रिस्ताकडे ओढणारी पहिली गोष्ट म्हणजे एका आश्रमातलं काम. समाजाने टाकून दिलेल्या बायकांना तिथल्या सिस्टर्स मायेने सांभाळत होत्या. या बायकांसाठी तुम्ही एवढं का करता, असं रमाबाईंनी विचारलं, तेव्हा येशू विहिरीवर एका तिरस्कृत शोमरोनी बाईशी मायेने बोलला, ती गोष्ट त्यांना वाचून दाखवण्यात आली. आधी ते काम डोळ्यांनी पाहिलं, मग त्याचं मूळ त्यांना शास्त्रात सापडलं.

आणि तुमच्यासाठी त्याहून महत्त्वाचं असं, की १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला पण खुद्द ख्रिस्त भेटला नव्हता, असं त्यांनी स्वतः सांगितलंय. मनाला ती भेट झाली असं वाटायला त्यांना सुमारे आठ वर्षं लागली. त्या आठ वर्षांत त्या ती भावना येण्याची वाट बघत बसल्या नाहीत. १८८९ च्या मार्चमध्ये त्यांनी आपल्या मुंबईतच, चौपाटीला, शारदा सदन उघडलं. तिथे शिकायला आलेली पहिली विधवा म्हणजे गोदूबाई, ज्या पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झाल्या. म्हणजे आत कोरडेपणा असतानाही रमाबाईंच्या हातून दुसऱ्या एका विधवेसाठी दार उघडलं गेलं. शेवटच्या बाकावर बसून मला काही होत नाही म्हणणाऱ्याला मी हे सांगते, तेव्हा त्याच्या खांद्यावरचा थोडा तरी भार उतरलेला मला दिसतो.

हातांतून येणारं प्रेम म्हणजे काय, ते एका घरातलं सांगते. नागपाड्याच्या बाजूला एका जुन्या चाळीत मंडळीतल्या एका बाईंचा नवरा अचानक गेला. दोन लहान मुलं, सासू अंथरुणावर. पाणी पहाटे यायचं आणि तासाभरात जायचं. माती झाल्यानंतरच्या सकाळी महिला मंडळातल्या एक मावशी पाण्याच्या वेळेला आल्या. दार उघडंच होतं. त्यांनी नळाला पाइप लावला, मोरीतलं पिंप भरलं, हंडा-कळशी भरून ओट्यावर ठेवली, पिण्याचं पाणी फडक्याने गाळलं आणि निघून गेल्या. प्रार्थना केली नाही, वचन सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तेच. कितीतरी आठवडे तेच. त्या बाई नंतर मला म्हणाल्या, "पहिले काही दिवस मावशी येतात हेसुद्धा मला कळत नव्हतं. मग एकदा झोपेत पिंपात पाणी पडायचा आवाज ऐकला आणि वाटलं, मेले नाहीये मी." त्यांना स्तोत्र तोंडाने म्हणता यायला पुढे बरेच महिने लागले. मावशींना विचाराल तर त्या म्हणतील, पाणी भरलं, त्यात काय. माझ्या लेखी मात्र मुंबईत मी पाहिलेल्या उत्तम उपदेशांत तो एक आहे.

आता तुम्ही म्हणाल, असं माझ्या दारी कोणी आलं नाही. बरोबर आहे, आणि याचा दोष मंडळीकडेही जातो. पण तुम्ही आशीर्वादाच्या आत निघून जाता, त्यामुळे तुमच्या दारी यायला तुमचं दार कोणाला माहीतच नाही. गावाकडे हे वेगळं असतं. तिथे मंडळी म्हणजे भावकीच, कोणाच्या घरी काय शिजलं ते देखील माहीत असतं. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत आले आणि १८३१ मध्ये नगरला गेले. पुढे नगरच्या खेड्यांतून घरंच्या घरं ख्रिस्ती झाली, आणि त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी शिक्षक, नर्स, रेल्वेवाले होऊन उलटा प्रवास करत मुंबई गाठली. त्या पिढ्यांनी इथे मराठी उपासना धरून ठेवली, ती याच कारणासाठी: गावाचं माणूस सापडावं. आज माणसं कल्याण, पनवेल, विरारपर्यंत पांगलीत. रविवारी दीड तास प्रवास करून यायचं आणि परत जायचं, त्यात ओळखी होत नाहीत.

म्हणून मोठ्या उपासनेवर सगळी भिस्त ठेवू नका. मुंबईत गर्दीचाही एक आधार असतो, ते मी नाकारत नाही. माहीमच्या चर्चमध्ये बुधवारी नोव्हेनाला, म्हणजे नेमाच्या खास प्रार्थनेला, हजारो माणसं येतात, सगळ्या धर्मांची, आणि त्या गर्दीत मेणबत्ती धरून कोणालाही काही न सांगता रडता येतं. काही दिवस माणसाला तेवढंच पेलतं. पण महिन्यामागून महिने तुमचं नाव कोणालाच माहीत नसेल, तर दुःख आत कुजायला लागतं. तुम्हाला घरसभा हवी. बहुतेक मराठी मंडळ्यांची आठवड्यातून एकदा कोणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असते: दहा-बारा माणसं, सतरंजी, पेटी असली तर पेटी, चार गीतं, एक अध्याय, प्रार्थनेचे विषय आणि शेवटी चहा-पोहे. पाळकसाहेबांना, म्हणजे पास्टरना, फोन करून विचारा, भांडुप-मुलुंडच्या बाजूला कुठे बसते. पहिल्या वेळी काहीही बोलावं लागणार नाही. तुमची पाळी आली तर 'नुसतं बसायला आलोय' एवढं म्हणा, कोणी आग्रह करणार नाही. केला, तर ते घर सोडून दुसरं शोधा.

येशूचा शिष्य थोमा, त्याचं काय झालं ते बघा. पुनरुत्थित येशू पहिल्यांदा शिष्यांना भेटला तेव्हा थोमा तिथे नव्हता. बाकीच्यांनी सांगितलं, त्याला पटलं नाही, त्याने तोंडावर तसं सांगितलं. तरी त्यांनी त्याला बाहेर काढलं नाही आणि तोही निघून गेला नाही. आठ दिवसांनी तो त्यांच्यातच बसलेला होता आणि तिथे त्याला प्रभू भेटला. शंका घेऊन मंडळीत बसायला पूर्ण मुभा आहे, हे मी या गोष्टीवरून शिकले. आणि कफर्णहूमच्या त्या पक्षाघाती माणसाला चौघांनी छप्पर उघडून खाली सोडलं, तेव्हा येशूने 'त्यांचा' विश्वास पाहिला असं लिहिलंय. खाटेवरचा माणूस स्वतः काय विश्वास ठेवत होता ते मार्क सांगतही नाही. सध्या तुम्ही खाटेवर आहात. चार माणसांना खाट उचलू द्या.

उचलू द्यायची म्हणजे त्यांना सांगावं लागेल, आणि इथे आपली पुरुष मंडळी अडतात. आई गेल्याचं एकवेळ सांगतात, नोकरी गेल्याचं मात्र लपवतात. सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडून दिवसभर बागेत बसलेले लोक मला माहीत आहेत. तुम्ही असं करू नका. घरसभेत प्रार्थनेचा विषय म्हणून सांगा: अकाउंट्सचं काम येतं, जीएसटी-टॅली येतं, काम शोधतोय. त्या दहा जणांत कोणाच्या तरी ऑफिसला, शाळेला, दवाखान्याला हिशेब बघणारा माणूस लागत असतो. मिळेलच असं आश्वासन मी देत नाही. पण एकमेकांची ओझी वाहा, असं पौल गलतीकरांना सांगतो, त्यात भाड्याचं ओझंही आलं.

सावध कुठे राहायचं, तेही सांगून ठेवते. बरं होण्यासाठी किंवा नोकरीसाठी अमुक रक्कम 'बी' म्हणून पेरा असं सांगणारी सभा, गोळ्या बंद करायला सांगणारा माणूस, घरच्यांशी संबंध तोडायला लावणारा गट, आणि तुमची खासगी गोष्ट स्टेजवरून साक्ष म्हणून सांगायला घाई करणारा पुढारी. यांच्यापासून लांब राहा. दुःखातला माणूस कशालाही हो म्हणतो, आणि हे त्यांना ठाऊक असतं.

प्रार्थनेबद्दल. शब्द येत नसतील तर उसने घ्या. स्तोत्रसंहिता त्यासाठीच आहे. सगळी स्तोत्रं आनंदाची नाहीत. अठ्ठ्याऐंशीवं उघडा, ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत काळोखात आहे आणि काळोखातच संपतं, शेवटी 'तरीही' म्हणून एकही उजेडाची ओळ नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, आणि देवाला उद्देशूनच म्हटलेलं आहे. रात्री झोप लागत नाही तेव्हा ते मोठ्याने वाचा, मनात नको. आपलाच आवाज खोलीत ऐकू येण्याने फरक पडतो. वाचून झाल्यावर आमेन म्हणा आणि दिवा घालवा. तेवढी प्रार्थना पुरेशी आहे. देवावर राग असेल तर तोही सांगा. लाजर मेला तेव्हा मार्था आणि मरीया, दोघींनी येशूला एकच गोष्ट ऐकवली: प्रभू, आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. तक्रारच होती ती. येशूने एकीलाही गप्प केलं नाही. लाजर थोड्या वेळात उठणार हे माहीत असूनही तो रडला.

आशा म्हणजे काय, हे मी इथूनच समजून घेते. 'सगळं ठीक होईल' असं मी तुम्हाला म्हणणार नाही, कारण तुमच्या घरात एक जागा रिकामीच राहणार आहे. ख्रिस्ती आशा मेलेल्यांच्या पुनरुत्थानावर उभी आहे, आणि ती आशा असलेल्यांनी शोक करू नये असं कुठेही लिहिलेलं नाही. आशा नसलेल्यांसारखा करू नका, एवढंच थेस्सलनीकाकरांना सांगितलंय. आपण शोक करतो, आईची आठवण काढून रडतो, आणि त्याच तोंडाने म्हणतो की मरण तिला ख्रिस्ताच्या प्रेमापासून वेगळं करू शकलं नाही. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल ज्या गोष्टी मोजतो, त्यात मरण पहिलं आहे. तुम्हाला जाणवो न जाणवो, हे तुमच्याबद्दलही तितकंच खरं आहे. मी यावर मनापासून विश्वास ठेवते. इतक्या मात्यांना उभी राहूनही ठेवते.

एक काम मात्र आत्ताच करा, कारण ते ऐनवेळी जमत नाही. आईशिवायचा हा पहिला नाताळ येतोय. करंज्या, अनारसे, शंकरपाळी आईच करत असणार, आणि त्या आठवड्यात डब्यांकडे बघवणार नाही. गावी बहिणीकडे जाणार असाल तर तिला आजच कळवा. मुंबईत राहणार असाल तर घरसभेतल्या एखाद्या काकूंना सांगा, की यंदा फराळाला तुमच्याकडे येऊन मदत करतो. करंज्या भरायला, मोहन घालून पीठ मळायला, तळणाच्या कढईपाशी उभं राहायला त्यांना कोणीतरी हवंच असतं. आईची करंजी कशी असायची, सारणात ती खसखस घालायची की नाही, ते त्यांना सांगा. आणि येत्या रविवारी आशीर्वाद झाल्यावर पाच मिनिटं थांबून पाळकसाहेबांना आईचं पूर्ण नाव द्या. प्रार्थनेत ते नाव घ्यायला लावा.